जुन्या खुनाच्या फायली बाहेरच्या तज्ज्ञांनी उघडाव्यात का?

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री १०:२०

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो.

१९९४ ची दिवाळी झाली, आमच्याकडची गुऱ्हाळं पेटली आणि आठवड्याभरात माझ्या थोरल्या काकांचा खून झाला. शाहूपुरीत अडत्याकडं गुळाची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, आणायला सायकलवरून गेले होते. रात्री परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या ओढ्यात सापडले, डोक्यात मार होता. पैसे गेलेले, सायकल बांधावर पडलेली. मी तेव्हा सहा वर्षांचा. माझ्या लक्षात फक्त दारातली गर्दी आणि उलटी करून ठेवलेली सायकल आहे.

पोलीस आले, सहा महिने हेलपाटे झाले, मग सगळं थंड. आरोपी कोण ते आजपर्यंत माहीत नाही. काकू आता ७४ वर्षांच्या आहेत. परवा जेवता जेवता म्हणाल्या, "मारणारा मेला का जिता हाय, येवढं तरी कळूंदे."

परदेशात म्हणे निवृत्त पोलीस, डॉक्टर, शास्त्रज्ञ एकत्र येऊन अशा जुन्या फायली फुकट तपासून देतात. आपल्याकडं असं का नाही? कोल्हापुरात निवृत्त माणसांना तोटा नाही, सकाळी रंकाळ्यावर दोनशे तरी सापडतील. असा एखादा गट असावा का? असला तर त्याचा उपयोग होईल का?

---

मिसळपुराण | रविवार, रात्री १०:३४

वाचतोय. लिहीत रहा भावा.

---

सांगलीकर_खवचट | रविवार, रात्री १०:४१

रंकाळ्यावरचे दोनशे निवृत्त एकत्र आले तर आधी अध्यक्ष कोण यावर दोन गट पडतील. मग त्या दोन गटांचा खटला सोडवायला तिसरा गट लागेल.

(काकांबद्दल वाईट वाटलं. थट्टा फक्त रंकाळ्याची.)

---

फिलीवासी | सोमवार, पहाटे ३:१५

मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या फिलाडेल्फियात. तुम्ही म्हणताय तो गट बहुतेक आमच्या गावातला, विडॉक सोसायटी.

१९९० साली तिघांनी सुरू केला. विल्यम फ्लायशर हा माजी एफबीआय आणि कस्टमचा माणूस, रिचर्ड वॉल्टर तुरुंगात काम केलेला मानसशास्त्रज्ञ, आणि फ्रँक बेंडर शिल्पकार. नाव घेतलंय फ्रान्सच्या विडॉकवरून. तो आधी स्वतःच गुन्हेगार होता, मग पोलिसांचा गुप्तहेर झाला आणि १८३३ मध्ये त्यानं खासगी तपासाची कचेरी काढली. तो ८२ व्या वर्षात वारला, म्हणून मुख्य सभासद ८२ च.

महिन्यातून एकदा जेवायला जमतात. एखाद्या गावचा पोलीस अधिकारी येतो, फाइल मांडतो, पडद्यावर फोटो दाखवतो आणि ही मंडळी जेवता जेवता प्रश्न विचारतात. प्रकरण दोन वर्षांहून जुनं पाहिजे, मेलेला माणूस स्वतः गुन्हेगारी धंद्यात नसावा, आणि मुख्य म्हणजे फाइल पोलिसांनी स्वतः आणायला हवी. आरोपीला धरायला हे कुठं जात नाहीत. सल्ला देतात, पुढचं काम पोलिसांचं.

बेंडरचं एक काम प्रसिद्ध आहे. जॉन लिस्ट नावाच्या माणसानं १९७१ मध्ये आई, बायको आणि तिन्ही मुलांना मारलं आणि गायब झाला. १८ वर्षांनी बेंडरनं जुन्या फोटोवरून तो म्हातारपणी कसा दिसेल त्याचा अर्धपुतळा केला, तो टीव्हीवर दाखवला आणि दोन आठवड्यांच्या आत लिस्ट सापडला. दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या नावानं, दुसरी बायको करून राहत होता. हे १९८९ चं, म्हणजे सोसायटी निघायच्या आधीचं.

---

मिसळपुराण | सोमवार, सकाळी ८:०२

पोस्टमॉर्टमचे फोटो बघत जेवतात? आमच्या कोल्हापूर शाखेत तांबडा रस्सा ठेवायचा नाही, एवढा ठराव आधी करा.

---

बावड्याचा_बापू | सोमवार, सकाळी ९:५०

मी पोलिसात ३३ वर्षं काढली. शिपाई लागलो, हवालदार म्हणून बाहेर पडलो. थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

बाहेरचा तज्ज्ञ येऊन बघणार काय? आधी मुद्देमाल दाखवा म्हणेल. १९९४ चा मुद्देमाल!

मी दीड वर्ष मुद्देमाल कारकुनाच्या हाताखाली होतो. खोली म्हणजे कौलारू पडवी. पाऊस सुरू झाला की कोपऱ्यातल्या पिशव्या उचलून मधे आणायच्या. रक्ताचे कपडे सुतळीनं बांधलेले, वर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. चिठ्ठी डिंकानं चिकटवलेली आणि डिंक उंदराला आवडतो. एकदा ट्रंक उघडली तर सात पुडकी होती आणि चिठ्ठ्या तीनच. कोयता कुठल्या खुनातला आणि कुठल्या मारामारीतला हे कोण सांगणार? साहेबांनी मला रजिस्टर घेऊन बसवलं, वर्णनावरून जुळवत बसलो. "लोखंडी कोयता, लाकडी मूठ." सगळेच लोखंडी, सगळ्यांनाच लाकडी मूठ.

म्हणून म्हणतो, तज्ज्ञ लागतोच, पण तो पहिल्या दिवशी लागतो. एकतीस वर्षांनी त्याला काय दाखवणार?

---

काळा_कोट | सोमवार, दुपारी १:१२

बापूंशी निम्मा सहमत. वकिली बाजू सांगतो.

पंचगंगाकाठ, तुमच्या काकांच्या प्रकरणात बहुधा 'अ समरी' झाली असणार. म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळत नाही. 'ब' म्हणजे खोटी फिर्याद, 'क' म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. अ समरी म्हणजे खटला संपला असं नाही, फाइल झोपलीय. खुनाला मुदतीचा कायदा लागत नाही. नवीन काही हाती आलं तर पोलीस पुढचा तपास करू शकतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३(८) होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १९३(९).

आणि एक. समरी मंजूर करण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाचा भगवंत सिंग निकाल १९८५ चा आहे, म्हणजे तुमच्या वेळी तो लागू होता. फिर्यादी कोण होतं? नोटीस आली होती का?

खासगी तज्ज्ञाबद्दल. कोर्टात तज्ज्ञाचं मत चालतं, तो सरकारीच असावा असं नाही. फरक एवढाच की सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही वाचता येतो, खासगी माणसाला पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासणी सोसावी लागते. जेवता जेवता मत देणं निराळं आणि आमच्यासारख्याच्या तोंडाला तोंड देणं निराळं.

---

सांगलीकर_खवचट | सोमवार, दुपारी १:३०

कोर्टाच्या आवारात चहा पिताना तुम्ही जी मतं देता त्यांचीही उलटतपासणी व्हायला पाहिजे वकीलसाहेब.

---

इतिहासाचा_किडा | सोमवार, सायंकाळी ६:४५

परदेशात बघायची गरज नाही. आपल्याकडं रामोशी होते की. गावात चोरी झाली की माग काढायची जबाबदारी त्यांची. पावलांचे ठसे बघत जायचं आणि माग पुढच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवायचा. तिथून पुढं जबाबदारी त्या गावची. माग शिवेपर्यंत नेता आला नाही तर भरपाई यांच्या माथी. म्हणजे तज्ज्ञही तेच आणि चूक झाली तर दंड भरणारेही तेच. आजच्या कुठल्या तज्ज्ञाला ही अट घालून बघा.

आणि पुढं इंग्रजांनी याच लोकांना 'गुन्हेगार जमात' म्हणून हजेरी लावली, ते वेगळंच.

---

रंकाळावेस | सोमवार, रात्री ९:१०

गट वगैरे ठीक आहे, पण मला भीती वाटते. तपास करायची हौस सगळ्यांनाच असते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं आठवा. मुलं पळवणारी टोळी आलीय असे व्हॉट्सअॅपवर निरोप फिरत होते आणि लोकांनी पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेला आले होते. ज्यांनी मारलं त्यांनाही आपण तपासच करतोय असं वाटत असणार.

नोएडातल्या आरुषी या मुलीच्या खुनाचं प्रकरण घ्या. २००८. अख्खा देश तज्ज्ञ झाला होता. पहिल्या दिवशी घरात नातेवाईक, शेजारी, पत्रकार सगळे फिरत होते आणि गच्चीचं कुलूप उघडून बघायचं राहिलं. नोकराचा मृतदेह तिथं दुसऱ्या दिवशी सापडला. आईवडिलांना २०१३ ला शिक्षा झाली, २०१७ ला हायकोर्टानं सोडून दिलं. मग मारलं कुणी?

---

बावड्याचा_बापू | सोमवार, रात्री ९:२५

ते गच्चीचं कुलूप मला अजून झोपेत दिसतं. मी तिथं नव्हतो, तरी.

---

न्यायवैद्यक | मंगळवार, सकाळी ७:३०

मी शवविच्छेदन करणारा डॉक्टर, कोल्हापूरचाच. नाव नको.

बापूंनी जे लिहिलंय तेच आमच्या बाजूनं सांगतो. रक्त लागलेला कपडा ओला असताना प्लास्टिकच्या पिशवीत भरला की आत दमटपणा धरतो, बुरशी येते आणि डीएनएची वाट लागते. सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचा. साधी गोष्ट आहे, पण मी स्वतः किराणा दुकानाच्या कॅरीबॅगमधून आलेले कपडे पाहिलेत. पिशवीवर 'धन्यवाद, पुन्हा या' छापलेलं.

पंचगंगाकाठ, काका ओढ्यात सापडले म्हणताय. पाण्यात पडले तेव्हा जिवंत होते की आधीच गेले होते, हा पहिला प्रश्न. तेव्हाही हाडाच्या मगजात डायटम शोधत असत. डायटम म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. माणूस श्वास घेत असेल तर ते रक्तातून मगजापर्यंत जातं. ही चाचणी शंभर टक्के खात्रीची नाही, पण केली होती का ते अहवालात कळेल.

आता कायदा बदललाय. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक पथकानं जागेवर जायलाच हवं अशी तरतूद १ जुलै २०२४ पासूनच्या नवीन संहितेत आहे, फक्त राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांची सवलत दिलीय. कोल्हापुरात प्रादेशिक प्रयोगशाळा आहे, पूर्वीसारखं दर बारीकसारीक नमुन्याला पुणे-मुंबई करावं लागत नाही.

---

फिलीवासी | मंगळवार, सकाळी ८:०५

डॉक्टर, डीएनएवरून आठवलं. इथं १९५७ च्या फेब्रुवारीत एका खोक्यात लहान मुलाचं प्रेत सापडलं होतं, अंगावर काही नाही, नाव नाही. पासष्ट वर्षं तो नुसता 'खोक्यातला मुलगा' होता. निवृत्त पोलीस, शव तपासनीसाच्या कचेरीतले लोक, विडॉकवाले, सगळ्यांनी ती फाइल डोक्यावर घेतली होती. १९९८ मध्ये त्याला उकरून नमुना घेतला आणि चांगल्या दफनभूमीत पुन्हा पुरलं. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये डीएनएवरून दूरचे नातेवाईक शोधत शोधत त्याचं नाव जाहीर झालं, जोसेफ ऑगस्टस झरेली. मारलं कुणी ते अजून सिद्ध नाही, पण दगडावर नाव आलं.

कॅलिफोर्नियात १९७० आणि ८० च्या दशकात खून आणि बलात्कार करत फिरणारा माजी पोलीस एप्रिल २०१८ मध्ये असाच सापडला, ७२ व्या वर्षी. लोकांनी हौसेनं वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलेल्या डीएनएशी ताडून. ते जुळवणारी बाई पेटंटची वकिली केलेली, निवृत्त, घरून काम करणारी. मात्र १९८० च्या खुनातला नमुना एका परगण्यानं जपून ठेवला होता म्हणून. तो नसता तर बाईनं काय ताडलं असतं?

---

मिसळपुराण | मंगळवार, सकाळी ८:२०

आमच्या पेठेत सगळ्यांनी डीएनए टाकला तर खुनी नंतर सापडेल, आधी निम्मी लग्नं मोडतील.

---

काळा_कोट | मंगळवार, सकाळी १०:००

आपल्याकडं डीएनए साठवायचा खास वेगळा कायदाच नाही. २०१९ चं विधेयक जुलै २०२३ मध्ये सरकारनं मागे घेतलं. खासगी गुप्तहेर संस्थांचंही तेच, २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, कायदा काही झाला नाही. त्यामुळं या धंद्याला ना परवाना ना नियम. कामही मुख्यतः लग्नाआधी मुलगा पितो का, एवढंच.

---

माहेरवाशीण | मंगळवार, दुपारी ३:४०

मी इथं फार लिहीत नाही. माझा भाऊ २००६ मध्ये गेला. अपघात म्हणून नोंद झाली, आम्हाला तसं वाटत नव्हतं. एका खासगी माणसाला नेमलं. ऐपत नव्हती, आईच्या पाटल्या मोडल्या. तो दर पंधरा दिवसांनी यायचा, चहा प्यायचा आणि एक नवं नाव सांगायचा. आज हा, उद्या तो. प्रत्येक नाव आमच्याच ओळखीतलं. चुलत्याचं नाव घेतलं तेव्हा वडिलांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. पुढं कळलं की तो आमच्याच घरात बसून आमच्याच बोलण्यातून नावं उचलत होता.

वडील गेले तेव्हा चुलते दारात उभे राहिले, आत आले नाहीत. भावाचं काय झालं ते शेवटी कळलंच नाही.

गट काढा, पण तो घरच्यांना नावं सांगणारा नको. फिलीवासींनी लिहिलंय ना, फाइल पोलिसांनी आणायची. ते मला पटलं.

---

रंकाळावेस | मंगळवार, दुपारी ४:०५

ताई, काय लिहावं कळत नाही.

---

फिलीवासी | मंगळवार, रात्री ११:५०

ताई, तुमचं वाचून एक सांगायलाच हवं. काल मी सोसायटीचं जरा जास्तच कौतुक केलं. तिच्या तीन संस्थापकांपैकी रिचर्ड वॉल्टर न्यूयॉर्कमधल्या एका खुनाच्या खटल्यात तज्ज्ञ साक्षीदार होता. २००९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं निकाल दिला की यानं आपल्या अनुभवाबद्दल शपथेवर खोटं सांगितलं होतं, आणि ती शिक्षा रद्द केली. आरोपी तोवर पंचविसाहून जास्त वर्षं आत होता.

म्हणजे बिनपैशाचा, नावाजलेला तज्ज्ञसुद्धा तपासून घ्यावा लागतो.

---

सांगलीकर_खवचट | बुधवार, सकाळी ७:१५

झालं. म्हणजे तज्ज्ञांना तपासणाऱ्या तज्ज्ञांचा गट. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

---

बावड्याचा_बापू | बुधवार, सकाळी ८:३०

सांगलीकर, तुमच्याकडं एवढं डोकं आहे तर हळदीचा भाव का पडतो?

---

सांगलीकर_खवचट | बुधवार, सकाळी ८:३४

तपास सुरू आहे.

---

कातडीकाम | बुधवार, दुपारी १२:२०

गट करायचाच तर नुसत्या पदव्यावाल्यांचा करू नका. आमची चौथी पिढी चपला शिवतीय. एकदा पोलीस एक चप्पल घेऊन आले होते, ही कुठली सांगा म्हणून. मी हातात घेतली आणि सांगितलं, ही आपल्याकडची नव्हं. असली कोल्हापुरी वादीनं शिवतात, खिळा मारत नाहीत. हिला कडेनं खिळे होते आणि वर शिलाई नुसती दाखवायला. शिवाय झिजलेली टाच बघून माणूस कुठला पाय ओढत चालतो तेबी सांगता येतं. साहेब म्हणाले लिहून द्या. मी म्हटलं सही करतो, पण कोर्टात बोलवू नका, सणाचे दिवस हायत. परत आले नाहीत.

तसंच तालमीतला वस्ताद. मान कशी मोडली, धरून की पडून, हे त्याच्याइतकं कोण सांगणार?

---

न्यायवैद्यक | बुधवार, दुपारी १:०५

मान आम्ही सांगतो हो. वस्तादांना कुस्ती राहू द्या.

चपलेचं मात्र खरं आहे. पायताणाची झीज हा रीतसर अभ्यासाचा विषय आहे.

---

रंकाळावेस | बुधवार, रात्री ८:५५

कोल्हापुरातलं १९९६ चं गावित मायलेकींचं, लहान मुलं पळवून मारल्याचं प्रकरण आठवतं का? कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ ला दोघी बहिणींना फाशीची शिक्षा दिली, जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली, दयेच्या अर्जाला फार उशीर झाला म्हणून. इतकी मुलं, इतकी वर्षं, इतकी गावं. तिथं पहिला धागा कुठल्या तज्ज्ञानं दिला नाही, एका आईच्या तक्रारीवरून मिळाला.

---

पंचगंगाकाठ | पुढच्या आठवड्यात गुरुवार, रात्री ९:३०

मंडळी, धागा थंड पडला होता, पण मी गप्प बसलो नव्हतो. काळा कोट यांनी सांगितल्याप्रमाणं कसबा बावड्याच्या कोर्टात नकलेचा अर्ज दिला. नशीब म्हणा, रेकॉर्डमधल्या माणसानं दोन दिवस धूळ खात बस्ते उपसले. आज कागद मिळाले. अ समरीच आहे. फिर्यादी माझे वडील. नोटीस आल्याचं त्यांना आठवत नाही, कागदात पोच पण दिसत नाही.

डॉक्टर, डायटमचा उल्लेख कुठंच नाही. मुद्देमालाबद्दल आदेशात शेवटी एक ओळ आहे, "किरकोळ मुद्देमाल नष्ट करण्यात यावा." बापू, तुमचं खरं ठरलं.

पण घटनास्थळाच्या पंचनाम्यात एक गोष्ट आहे, ती जशीच्या तशी देतो:

"ओढ्यापासून अंदाजे साठ पावलांवर बांधाचे उतारास डाव्या पायाची एक चामडी चप्पल जुनी वापरती, तळास टायरचा तुकडा खिळ्यांनी मारलेला, अंगठा तुटलेला अशी मिळून आली ती दोन पंचांसमक्ष जप्त केली."

काका सापडले तेव्हा अनवाणी होते. वडिलांचा जबाब आहे की भाऊ नवी कापशी चप्पल घालून बाजाराला गेला होता. त्यामुळं ही जुनी चप्पल मारणाऱ्याची, असं धरून पुढचा सगळा तपास झालाय. टायरचा तळ म्हणून ऊसतोडीच्या टोळीतली तीन माणसं उचलली होती, अकरा दिवसांनी सोडली. कातडीकाम, तुम्हाला यावरून काही सांगता येईल का?

---

कातडीकाम | गुरुवार, रात्री १०:१५

चप्पल हातात नाही, नुसत्या ओळीवरून काय सांगू? टायर मारलेली चप्पल त्या काळी निम्म्या जिल्ह्याच्या पायात होती. तळ झिजला की टायर मारून अजून दोन वर्षं वापरायची. उसाच्या फडातला घालायचा, गुऱ्हाळावरचा घालायचा, मालक पण घालायचा. त्यावरून टोळी कशी उचलली?

---

बावड्याचा_बापू | गुरुवार, रात्री १०:४०

कशी उचलली ते मी सांगतो. टोळी बीडकडची, इथं तिचा मामा ना काका. बोलायला कोण येणार? अकरा दिवस त्यांनी काय सोसलं असेल ते मला माहीत आहे. हे लिहायला नको होतं, पण लिहितो.

---

पंचगंगाकाठ | शुक्रवार, रात्री ११:१०

आज संध्याकाळी ती ओळ काकूंना वाचून दाखवली. सहज, त्यांनाही कळावं म्हणून.

त्या म्हणाल्या, "ही तर त्यांचीच."

मी म्हटलं, पण ते नवी घालून गेले होते ना? तर म्हणाल्या, "नवी लागत होती. अंगठ्याला फोड आला होता. दारातनं परत आले, ती काढली आनि जुनी घातली. टायर मीच मारून आनलं होतं, रविवारच्या बाजारातनं." वडील तेव्हा शेतात होते. त्यांनी सकाळी भाऊ नवी चप्पल घालताना बघितला, तेवढंच सांगितलं.

मी विचारलं, हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं? काकू म्हणाल्या, "मला कुनी इचारलं? मी तेराव्यापत्तुर आत बसले होते."

कागद पुन्हा उलटून बघितले. आठ जबाब आहेत. आठही पुरुषांचे.

---

काळा_कोट | शुक्रवार, रात्री ११:२२

काकूंचा जबाब फाइलीत नाहीच?

---

पंचगंगाकाठ | शुक्रवार, रात्री ११:२४

नाही. नावसुद्धा एकदाच येतं, "मयताची पत्नी" म्हणून.

---

माहेरवाशीण | शुक्रवार, रात्री ११:४०

एकतीस वर्षं.

---

काळा_कोट | शनिवार, सकाळी ९:३०

रात्रभर विचार केला. यानं खुनी सापडत नाही, हे आधी लक्षात घ्या. पण तपास ज्या खुंटीवर टांगला होता ती खुंटी निघाली. ही नवीन माहिती आहे. पोलीस अधीक्षकांकडं पुढील तपासासाठी अर्ज करू, सोबत काकूंचं प्रतिज्ञापत्र. दाद लागली नाही तर आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथंच सुरू आहे. फी घेणार नाही, चहा मात्र पाजा.

दोन निवृत्त तपास अधिकारी माझ्या माहितीत आहेत, त्यांनाही कागद दाखवू. गट म्हणा, काही म्हणा. आणि डॉक्टर, शवविच्छेदनाच्या अहवालावर तुमचं लेखी मत मिळेल का?

---

न्यायवैद्यक | शनिवार, सकाळी १०:०५

पाठवा. नावानिशी देईन.

---

बावड्याचा_बापू | शनिवार, सकाळी १०:३०

चप्पल उताराला पडली होती, साठ पावलांवर. ती काकांची असेल तर झटापट ओढ्यापाशी झालीच नाही, वर बांधाला झाली. तिथून माणूस खाली नेलाय. एकट्यानं नेला का दोघांनी? तेव्हा बांधाच्या वर कुणाचं शेत होतं, कोण राखणीला होतं, त्याचा जबाब आहे का ते बघा. नाव इथं लिहू नका. ताईंचं लक्षात ठेवा.

---

पंचगंगाकाठ | शनिवार, दुपारी १२:४५

बापू, बघितलं. इथं लिहीत नाही. सोमवारी काळा कोट यांना भेटतोय.

मिसळपुराण, सांगलीकर, तुम्ही पण या चहाला.

काकूंनी आत्ता माळ्यावरून एक गाठोडं काढायला लावलं. ती नवी कापशी जोडी अजून आहे. एकदाच घातलेली, उजव्या अंगठ्यात बारीक डाग आहे. चामडं पार वाळलंय.

---

कातडीकाम | शनिवार, दुपारी १२:५२

एरंडेल चोळा हलक्या हातानं, नाहीतर तडकंल.

---

न्यायवैद्यक | शनिवार, दुपारी १२:५४

अहो तेल लावू नका! कुणी हातही लावू नका. कागदात गुंडाळा. प्लास्टिक नको.